खेळाचा तास कसा घ्यावा: लंगडीत सगळ्यात आधी बाद होणाऱ्या लेकरापासून सुरुवात

नव्यानं रुजू झालात की पहिल्या आठवड्यात वेळापत्रक हातात पडतं. त्यात शारीरिक शिक्षणाचा तास असतो, आणि बहुतेक जण तो वाचून पुढं जातात. मीही गेले होते. लातूर जिल्ह्यातली दोनशिक्षकी शाळा, पहिलीच नेमणूक. खेळाचा तास आला की कपाटातला चेंडू काढून लेकरांच्या हाती द्यायचा आणि आपण लिंबाखाली वह्या तपासत बसायचं, असा माझा क्रम होता. मैदानावर आरडाओरडा चालू असायचा, म्हणजे तास चालू आहे असं मी धरून चालायची.

एक दिवस लंगडी चालू असताना वही मिटून नुसती बघत बसले. दुसरीतल्या एका मुलीवर राज्य आलं. तिनं डावा पाय उचलला, हातानं घोटा धरला, दोन उड्या मारल्या आणि तिसऱ्या उडीला पाय टेकला. "टेकला टेकला! बाद!" सगळे ओरडले. ती गुमान ओट्यावर जाऊन बसली आणि काडीनं मातीत रेघा ओढायला लागली. घड्याळ बघितलं. पुढची एकोणीस मिनिटं ती तिथंच होती. ज्यांना लंगडी येत होती त्यांना तासभर सराव मिळाला. जिला येत नव्हती तिला तीन उड्या. गणिताच्या तासाला पहिलं उदाहरण चुकलेल्या पोराची पाटी काढून घेऊन त्याला बाहेर बसवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेत आले असते. खेळाच्या तासाला हेच रोज घडतं आणि कुणी येत नाही.

म्हणून हा लेख. खेळ तेच ठेवायचे, आपल्या गावचे, लेकरांना आधीच येणारे. फक्त नियम असे वळवायचे की ज्याला येत नाही त्याच्या वाट्याला जास्त सराव यावा.

हे आपल्यालाच करावं लागणार, कारण दुसरं कुणी येणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे तो सहावी ते आठवीला, आणि तेही पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षक हाच क्रीडाशिक्षक. आपण शाळेत असताना खेळात कच्चे होतो, ही सबब मी बरीच वर्षं वापरली. खरं सांगायचं तर कच्च्या माणसाला एक फायदा असतो. हालचाल कुठं अडते हे त्याला आठवत असतं.

पहिली पायरी: मैदान पायाखाली घाला

शाळा भरायच्या आधी दहा मिनिटं स्वतः मैदानातून चालून या. आपल्याकडं निम्मी लेकरं अनवाणी खेळतात किंवा स्लीपर घालून येतात आणि पळायच्या आधी ती काढून ठेवतात. पावसाळा सरला की सराटे धरतात, कुंपणाच्या कडेला बाभळीचे काटे पडलेले असतात. काळ्या रानातलं मैदान असेल तर उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात, लहान पोराचं पाऊल आत जाईल एवढ्या. त्या मुरूम टाकून बुजवायला शाळा व्यवस्थापन समितीला सांगा. गावात ट्रॅक्टर असतोच, एक खेप मागायला लाजू नका. सराटे वेचायचं काम तिसरी-चौथीच्या मुलांना खेळ म्हणून देता येतं, पण हातात जुना खराटा द्या, बोटं नकोत.

मग फक्की मारून चौकट आखा. भिंत, हापसा, ध्वजस्तंभाचा ओटा यांपासून चौकट निदान पाच-सहा पावलं लांब हवी. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. माझ्या पहिल्या वर्षी साखळीच्या खेळात शेवटी असलेला मुलगा गरकन फिरून ध्वजस्तंभाच्या ओट्यावर आदळला आणि हनुवटीला टाके पडले. आरोग्य केंद्रात त्याची आई मला काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

दुसरी पायरी: आठवडाभर नुसतं बघा

शिकवायची घाई नको. पहिल्या आठवड्यात मुलांना त्यांचे त्यांचे खेळ खेळू द्या आणि हातात एक वही घ्या. लहान वयात ज्या हालचाली पक्क्या व्हाव्या लागतात त्यांची तीन घराणी धरा. एक, जागा सोडून जाण्याच्या: पळणं, उडी, लंगडी, झेप, आडवं सरकणं. दोन, तोलाच्या: थांबणं, वळणं, वाकणं, उडीवरून उतरणं. तीन, वस्तू हाताळण्याच्या: फेकणं, झेलणं, लाथाडणं, दांड्यानं मारणं. चौथीनंतरचा कुठलाही मोठा खेळ या तिन्हींच्या मिश्रणातूनच बनतो.

सगळं बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. मी तीनच गोष्टी बघते. दोन्ही पायांवर लंगडी किती उड्या येते. ओट्याच्या पायरीवरून उडी टाकल्यावर गुडघे वाकतात की पाय ताठ आपटतात. चेंडू फेकताना कोणता पाय पुढं येतो. प्रत्येक नावापुढं तीन खुणा. येतं, अर्धवट, नाही. तीस पोरांची वही दोन तासांत होते.

या आठवड्यात तुम्हाला काही उलटसुलट दिसेल. अभ्यासात मागं असलेला, शेरडं राखणारा पोरगा दगड असा फेकतो की डोळे विस्फारतात. कमरेवर घागर आणणाऱ्या पोरीचा तोल वर्गात कुणालाच नसतो. बांधावरून शाळेत येणारी लेकरं रेषेवर सरळ चालतात. आणि गावात चांगलं घर असलेला, मोबाइल खेळणारा पोरगा पायरीवरून उतरताना भिंत धरतो. हे वहीत लिहून ठेवा. पुढं जोड्या लावताना कामाला येतं.

तिसरी पायरी: आठवड्याला एकच हालचाल

सोमवारी लंगडी, बुधवारी झेल, शुक्रवारी कबड्डी असं केलं तर मन रमतं, हात-पाय शिकत नाहीत. एक हालचाल घ्या, दोन-तीन खेळांतून तीच फिरवा, आठवडाभर. कमी वाटलं तर पंधरा दिवस. आणि तिच्यासाठी एकच सूचना ठेवा, चार शब्दांच्या आतली. "गुडघे मऊ." "डोळा चेंडूवर." "वाक आणि वळ." पळणाऱ्या लेकराच्या कानात लांब वाक्य शिरत नाही; आपण मैदानावर भाषण ठोकतो ते आपल्या समाधानासाठी.

लंगडी, सावकाश उलगडून

मघाच्या मुलीकडं परत येऊ. तिला लंगडी का येत नव्हती? नीट बघितलं तर तीन कारणं होती. उचललेला पाय तिनं हातानं धरला होता, त्यामुळं हात तोलाला मोकळे नव्हते. ती पूर्ण तळव्यावर आपटत होती, थाप असा आवाज यायचा. आणि नजर पायाकडं होती. चांगली लंगडी घालणारं पोर पायाच्या पुढच्या भागावर उतरतं, गुडघा किंचित वाकवतं, वर धरलेला पाय मागं मोकळा ठेवून झोक्यासारखा हलवतं आणि समोर बघतं.

आधी भिंतीला एक हात लावून जागच्या जागी तीन उड्या. मग जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवून. मग जमिनीवर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, आडव्या ठेवा, हातभर अंतरावर, आणि त्यांच्यामधून एकेक उडी. तुराटी मोडली तरी बिघडत नाही, म्हणून काठीपेक्षा तीच बरी. दर दोन फेऱ्यांना पाय बदलायला लावा. स्पर्धेतली लंगडी एका पायावर चालत असेल, पण आपल्याला दोन्ही पाय तयार करायचे आहेत.

एवढं झालं की खेळ, पण नियम बदलून. मी हे बदल करते:

सगळेच लंगडी घालतात, पकडणाराही आणि पळणारेही. त्यामुळं पटाईत आणि नवखा यांच्यातलं अंतर कमी होतं. चौकट लहान ठेवते, आठ बाय आठ पावलं. पकडणारे एक नाही, तीन. पाय टेकला तर बाद नाही. रेषेबाहेर जाऊन दुसऱ्या पायावर पाच उड्या मारायच्या आणि आत यायचं. पकडला गेला की तो पकडणाऱ्यांच्या बाजूला जातो. म्हणजे ज्याला येत नाही तो सगळ्यात जास्त उड्या मारतो, आणि त्याला कुणी हसत नाही कारण तो कधी बसलेलाच दिसत नाही.

पहिल्या दिवशी मोठ्या मुलांनी कुरकुर केली. "मॅडम, ह्याला काय लंगडी म्हणतेत का? बादच होईना कुणी!" मी म्हटलं, शनिवारी तुमच्या नियमानं खेळू. शनिवारी खेळलो. त्या मुलीनं नऊ उड्या मारल्या आणि मग बाद झाली. ओट्यावर जाऊन बसली, पण या वेळी काडी हातात घेतली नाही, बघत बसली होती.

फेकणं: आधी जोर, नेम नंतर

इथं बहुतेक सगळे चुकतात, मीही चुकले. फेक शिकवायची म्हटलं की आपण लहानसं लक्ष्य ठेवतो आणि "नेम धर" म्हणतो. लेकरू घाबरून चेंडू कोपरापासून ढकलतं, पाय जमिनीला खिळलेले, अंग ताठ. नेम कदाचित लागतो, फेक मात्र शिकली जात नाही. जोरात फेकायला सांगितलं तर अंग आपोआप वळतं, हात मागं जातो, पाय पुढं पडतो.

पायऱ्या डोळ्यानं ओळखता येतात. अगदी सुरुवातीला दोन्ही पाय जागेवरच असतात. मग ज्या हातानं फेकतो त्याच बाजूचा पाय पुढं येतो. अवघडल्यासारखं दिसतं, पण ती पुढची पायरी आहे, रागवू नका. पक्की फेक म्हणजे उजव्या हाताला डावा पाय पुढं, कमरेतून वळण, आणि फेकल्यावर हात अंगाला आडवा खाली येतो. ज्यांचा पाय चुकतो त्यांच्यासाठी जमिनीवर फक्कीनं डाव्या पायाचा ठसा काढा. "ठश्यावर पाय, मग फेक." डावखुऱ्याला उजवा ठसा, आणि त्याला उजव्या हातानं फेकायला लावू नका. घरी आजी लावते, तेवढं पुरे.

खेळ अर्थातच लगोरी. पण पहिले चार दिवस लगोरीच्या जागी तेलाचा रिकामा डबा ठेवा. चेंडू लागला की असा खणकतो की अख्ख्या गावाला कळतं. दहा-बारा पावलांवरून डबा उडवायचा. चेंडू एक असला तर बाकीचे उभे राहतात, म्हणून चेंडू लेकरांकडूनच बनवून घ्या: जुन्या साडीच्या चिंध्या घट्ट गुंडाळायच्या, वरून मोजा ओढायचा, सुतळीनं बांधायचं. जोडीला एक चेंडू झाला की तास बदलतो. डबा उडायला लागला की फरशीच्या तुकड्यांची सात थरांची लगोरी, आधी जवळून. लगोरी फुटल्यावर पाठीत चेंडू मारायचा भाग पहिली-दुसरीला काढूनच टाका. तिसरीपुढं ठेवा, पण चिंध्यांचाच चेंडू आणि कमरेखालीच.

झेल

झेलाला भीती हा खरा अडथळा आहे. टेनिसचा चेंडू नाकावर एकदा बसला की पोर पुढं वर्षभर तोंड फिरवून हात पुढं करतं. पहिलीतलं लेकरू चेंडू छातीशी कवटाळतं, तेही चुकीचं नाही. हातांच्या ओंजळीत झेल नंतर येतो. सुरुवात फुग्यानं करा, मग चिंध्यांचा चेंडू स्वतःच वर उडवून झेलणं, मग टाळी वाजवून झेलणं, मग दोन पावलांवरचा जोडीदार. दर तीन झेलांना एक पाऊल मागं. सुटला तर एक पाऊल पुढं. बाद होणं नाही, मागंपुढं होणं आहे. टप्पा पाडून झेलण्याचा सराव व्हरांड्याच्या फरशीवर घ्या. जून-जुलैत ओल्या काळ्या मातीत चेंडू टप्पा खात नाही, रुतून बसतो.

उतरणं: आवाज न करता

उडी सगळे शिकवतात, उतरणं कुणी शिकवत नाही, आणि पाय मुरगळतो तो उतरतानाच. आमच्या शाळेत याचा खेळ मुलांनीच बसवला. एकाचे डोळे बांधून ओट्याजवळ बसवायचं. बाकीचे एकेक करून खालच्या पायरीवरून उडी टाकतात. आवाज आला तर डोळे बांधलेला "धप!" म्हणतो आणि त्याला पुन्हा उडी मारावी लागते. आवाज न करता उतरायचं तर पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे वाकवून, हात पुढं धरूनच उतरावं लागतं. मला काही समजवावंच लागलं नाही. खेळाचं नाव त्यांनी 'मांजर' ठेवलं. पायरी गुडघ्याच्या वर नको, आणि खाली दगड नकोत.

झेपेसाठी दोन विटांवर काठी ठेवा आणि पळत येऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर ओलांडायला सांगा. काठी नुसती टेकवलेली हवी, लागली तर पडली पाहिजे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेंनी २०२३ च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत ज्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्ण मिळवलं, तिच्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. हे सांगितलं की पोरं काठीपुढं घमेल्यात पाणी ठेवायचा आग्रह धरतात. ठेवू द्या, टंचाईच्या दिवसांत नुसती निळी साडी अंथरा.

चकवणं आणि थांबणं

यासाठी विषामृतासारखा खेळ नाही. विष लागलं की थिजायचं, अमृत लागलं की सुटायचं. बाद होणं मुळातच नाही, म्हणून नव्या शिक्षकानं पहिला तास याच खेळाचा घ्यावा. दर पाच-सहा पोरांमागं एक विष आणि एक अमृत ठेवा. थिजताना दोन्ही पाय रोवून, गुडघे वाकवून. डगमगला तर तीन मोजेपर्यंत अमृतही लागू होत नाही. म्हणजे थांबण्याचा सराव त्यातच झाला. नंतर थिजलेल्यानं एका पायावर उभं राहायचं, मग तोलही आला.

साखळी खेळायची तर चार जणांची झाली की दोन-दोनात तोडा. लांब साखळीत टोकाच्या पोराला गोफणीसारखा हिसडा बसतो. हनुवटीचे टाके मला तेच शिकवून गेले.

पोळ्याच्या आठवड्यात आम्ही बैलजोडी करतो. दोघांच्या हातात एक आडवी काठी, ती जू. मागं एक जण दोरीचा कासरा धरून. दोघांनी एकाच चालीनं पळायचं, "हो" म्हटलं की एकदम थांबायचं, कासरा ओढला त्या बाजूला वळायचं. पहिल्या फेरीत जोडी तुटतेच. चौथ्या फेरीपर्यंत पावलं जुळतात. मागचा पुढं, पुढचा मागं, असं फिरवत राहा, नाहीतर एकच पोरगा कायम मालक होतो आणि कोण होतो हे सांगायला नको.

रांग लावाल तर हिशोब करा

तीस मुलं, दोन रांगा, रिले. एकाची फेरी पंधरा सेकंदांची. म्हणजे एका लेकराला पुन्हा पाळी यायला पावणेचार मिनिटं. अर्ध्या तासात त्याच्या वाट्याला आठ फेऱ्या, पळणं दोन मिनिटांचं, उभं राहणं अठ्ठावीस मिनिटांचं. आणि मग आपण म्हणतो पोरं मस्ती करतात. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. रांगेच्या तासातून त्यातली दोन मिनिटं भरतात. रांगा दोनाच्या सहा करा, पाच-पाचाच्या. पाळी सव्वा मिनिटात येते.

गट पाडताना दोन कप्तान उभे करून "मी हा घेतो, मी तो घेतो" हा प्रकार कायमचा बंद करा. शेवटी उरणारं लेकरू दर वेळी तेच असतं आणि ते त्याला माहीत असतं. ओळीनं सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस अशी नावं देत जा. सगळ्या तुरी एकीकडं. दहा सेकंदांत गट पडतात आणि मैत्रिणी आपोआप फुटतात.

आमच्यासारख्या शाळेत पहिली ते चौथी एकत्रच असते. पूर्वी मला ते ओझं वाटायचं. आता मी चौथीच्या मुलांना 'सांगणारे' करते: एकाकडं दोन लहान, आणि त्यानं फक्त चार शब्दांची सूचना द्यायची. ती देता देता त्याचं स्वतःचं अंग सुधारतं. चालताना अडचण असलेलं लेकरू असेल तर त्याला शिट्टी आणि गुण मोजायचं काम देऊन मोकळं होऊ नका. बैलजोडीत कासरा, बसून झेल, विषामृतात त्याच्यासाठी फक्कीचं छोटं घर जिथं विष चालत नाही. त्यालाच विचारा, तो चांगला नियम सुचवतो.

ऊन, पाऊस आणि कोयता

मार्चपासून तास परिपाठ झाल्या झाल्या घ्या. सकाळची शाळा असली तरी नऊनंतर मैदान तापायला लागतं, अनवाणी पायांना ते आधी कळतं. मधे पाणी प्यायला थांबवा, तहान लागली म्हणायची वाट बघू नका. खिचडीनंतर लगेच पळायचा खेळ कधीच नको. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला असा धरतो की पाय उचलत नाही. तेव्हा व्हरांड्यात ठिकरी, मूर्ती, फुग्याचा झेल, मांजर.

बीड, जालना, धाराशिवकडच्या शाळांतली अडचण वेगळी. दिवाळी झाली की काही लेकरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. वर्गाच्या हालचालींचा क्रम तोवर पुढं गेलेला असतो. परत आलेल्याची पहिल्या आठवड्याची तीन खुणांची तपासणी पुन्हा करा आणि त्याला लहान गटात आणून बसवू नका, जोडीदार द्या. एक मुलगा परत आला तेव्हा मी ऊसतोडीवरच्या झोपड्यांबद्दल विचारलं, "कोप्यांवर काय खेळत होतास रे?" म्हणाला, "उसाच्या कांड्या फेकायलो होतो, मॅडम." ठसा न काढताच त्याचा डावा पाय पुढं पडत होता.

चौथीनंतर खो-खो

आपल्या भागाला खो-खोचं वेड आहे आणि त्याला कारणही आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला. महिलांची कप्तान प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. त्यामुळं पालक स्वतः विचारायला येतात, "खो-खो कधी शिकवणार?" खेळाचा तास म्हणजे वेळ वाया असं म्हणणारेच असतात ते पुष्कळदा.

पूर्ण खो-खो लगेच नको. संघ बारांचा, मैदानात नऊ. आठ जण चौकांत आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पळतो. एका वेळी आठ जण बसून आहेत, हे नव्या शिक्षकानं लक्षात घ्यावं. सुरुवातीला चार चौक पुरेत, असे तीन डाव शेजारी शेजारी. आधी नुसतं उकिडवं बसून उठणं आणि पहिली तीन पावलं, "खो" ऐकून. मग पाठीमागून स्पर्श करून, त्याच वेळी "खो" म्हणणं. पोरं आधी ओरडतात, मग हात लावतात. मग एकदा दिशा धरली की खांबापर्यंत माघारी फिरायचं नाही, हा नियम. सगळ्यात शेवटी मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधली बसणाऱ्यांची पट्टी, न ओलांडण्याचा. एका आठवड्यात एकच नियम वाढवा. हे चार आठवडे झाले की मोठं मैदान आखा.

केंद्रस्तरीय स्पर्धा जवळ आल्या की खेळाचा तास बारा जणांचा व्हायला लागतो, बाकीचे टाळ्या वाजवायला. केंद्रप्रमुखांचा फोन येतो, गाव ढाल मागतं, आपल्यालाही हाव सुटते. संघाचा सराव शाळा सुटल्यावर घ्या. वेळापत्रकातला तास सगळ्यांचा आहे, आणि वहीत अजून 'नाही' खूण असलेली नावं त्या दिवशी आधी पुकारा.